शुद्धीत

सरूबाईंनी मफलर मास्तरांच्या हनुवटीखालून घेतला, दोन्ही कानांवरून वर ओढला आणि डोक्यावर गाठ मारली. गाठ सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. आता जबडा नीट मिटला. मेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहू नये म्हणून बांधतात, अगदी तसंच ते बांधणं दिसत होतं. मास्तरांनी डाव्या हातानं गाठ चाचपली आणि बायकोकडं पाहिलं.

"दुखतंय व्हय?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"मग बसा गुमान. भाकर द्यायला पाळकसाहेब आले की सोडते. घास गिळला की लगेच बांधते. मधल्या मधी तोंडातून काय काढायचं नाय. ऐकलं का?"

मास्तरांनी मान डोलावली. मग कोटाची वरची गुंडी राहिली होती ती डाव्या हातानं, सावकाश, स्वतःच लावली. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती आणि पडेगाव रोडवरच्या पत्र्याच्या चर्चची पहिली घंटा कधीच होऊन गेली होती.

शांतवन पाटोळे मास्तर त्या चर्चचे सगळ्यात जुने पंच. शाळेतून रिटायर झाले, पंचपदावरून काही झाले नाहीत. शिवी हा त्यांचा खास विषय होता. पंचांपुढं कुणाची चोरी आली, दारू आली, भावाभावांची मारामारी आली, तरी मास्तर चष्मा पुसत बसायचे. शिवी आली की पाठ ताठ करायचे. "नळाला पाणी टाकीतलंच येतं," ते म्हणायचे. "तोंडातून शिवी आली, म्हणजे काळजात ती होतीच." बोलणं कसं, तर पुस्तकात छापल्यासारखं. बायकोला सगळा मोहल्ला सरूबाई म्हणायचा, पण मास्तर तिच्या बाप्तिस्म्याच्या नावानं सारा म्हणायचे, आणि रागावले तरी 'सारा, हे शोभत नाही' याच्या पुढं कधी जायचे नाहीत.

नियमही त्यांनीच करून घेतलेला. ज्याच्या तोंडून शिवी गेली त्याचं टेबल बंद. म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर त्याला मिळणार नाही. पाहिजे असेल तर सगळ्या मंडळीपुढं उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडानं माफी मागायची. न मागता मेला, तर दफनाला घंटा नाही आणि कबरही मागच्या भिंतीकडं, वेड्या बाभळीत. म्हशीनं लाथ मारली म्हणून बोललेल्या म्हाताऱ्याला मास्तरांनी उभं केलं. वाळूजच्या कंपनीत प्रेसखाली बोट सापडलं तेव्हा ओरडलेल्या बन्सीला, हाताची पट्टी ओली असताना उभं केलं. आवडाबाई नावाची एक तोंडाळ विधवा होती, तिला तर इतक्यांदा उभं केलं की शेवटी ती म्हणाली, "मास्तर, आता तुम्हीच खा भाकर, माझ्या वाटची पन खा." आणि मागच्या बाकावर जाऊन बसली ती आजतागायत तिथंच बसते.

अशा माणसाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा सरूबाई उशाशी होत्या. मास्तरांनी ओठ हलवले, जीभ टाळूला लावली, कपाळावर घाम आला इतकी खटपट केली, आणि बाहेर शब्द आला तो, "रांडेच्या."

डॉक्टर पोरसवदा होता, पण चांगला होता. त्यानं समजावून सांगितलं. मेंदूतली बोलायची जागा बिघडली की कधीकधी माणसाला एखादाच शब्द उरतो आणि पुष्कळदा ती शिवीच असते. मनात येतं एक आणि बाहेर पडतं तेच. खरंच तसं झालं. पाणी पाहिजे असलं तरी रांडेच्या. खिडकी लावा, रांडेच्या. पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले, तेव्हा आमेनच्या जागीसुद्धा तेच.

मग काय विचारता! आजाऱ्याला भेटायला इतकी माणसं त्या मोहल्ल्यात कधी आली नव्हती. केळी घेऊन यायची, डोळ्याला पदर लावायची, आणि मुद्दाम विचारायची, "मास्तर, कसं काय?" मास्तर उत्तर द्यायचे. माणसं तोंड दाबून उठायची आणि कोपऱ्यावरच्या हापशापाशी जाऊन पोट धरधरून हसायची. "टाकी काठोकाठ भरलेली होती की रे," कुणीतरी म्हणालं. "जन्मभर तोटी दाबून बसला होता बिचारा." ते सरूबाईंपर्यंत आलं, आणि आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या मास्तरांपर्यंतही आलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि त्या दिवशी दिवसभर ओठ उघडले नाहीत.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी घंटा झाली तेव्हा मास्तर घरीच होते. टेबल बंद. त्यांनी डावा हात ओंजळीसारखा केला, तोंडाशी नेला आणि लहान पोरासारखे रडले. सरूबाईंनी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. कधीच नाही, तेव्हाही नाही.

पुढचा पहिला रविवार जवळ आला तसे गुरुवारी दोघं घरी आले. एक नवे पाळकसाहेब, नगरकडचे, चेहऱ्यावरून कॉलेजातले वाटावेत असे. दुसरा बन्सी. तो आता पंच झाला होता. त्यानं चहाचा कप अर्धवट तुटलेल्या बोटाच्या हातातच धरला.

"नियम आमचा नाय, मावशी," बन्सी म्हणाला. "मास्तरांचाच हाय. माफी मागावी, टेबल उघडतं. आपलं काय म्हणनं नाय."

"मागतील कशी? तोंडातून दुसरं काय निघतं का?"

"ते बी खरंच हाय," बन्सी म्हणाला आणि फुर्रकन चहा ओढला. चहा त्याला फार गोड लागत असावा.

पाळकसाहेब खुर्चीच्या काठावर बसले होते. "मावशी, मला विचाराल तर शिवी शब्दात नसते. मनात द्वेष असेल तर साधा शब्दही शिवी होतो. नसेल तर तो नुसता आवाज. पण मंडळीत दोन तट पडलेत. मला त्यांच्यापुढं काहीतरी ठेवावं लागेल." त्यांनी जरा आवाज खाली आणला. "असं करू. रविवारी मास्तरांना घेऊन या. मी सगळ्यांसमोर तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. आपण काय बोलतो ते त्यांना कळतं का? तुम्ही नाही म्हणालात की विषय मिटला. तान्ह्या मुलाचं पाप कोणी धरत नाही."

"आन कळतं म्हणलं तर?"

पाळकसाहेबांनी बन्सीकडं पाहिलं.

"तर टेबल बंद," बन्सी म्हणाला. "मरेस्तोवर. आन मेल्यावर भिंत."

खाटेवरून मास्तर ऐकत होते. दोघं उठून गेले तसा त्यांनी सरूबाईंचा पदर धरला, ओढला. बोटं तोंडाशी नेली, मग आपल्याच कपाळावर टेकवली आणि मान हलवली. काही कळत नाही असं सांग. त्यांचे डोळे इतके गयावया करत होते की सरूबाईंना भडभडून आलं. एका ताटात जेवले नसले तरी एका छताखाली जन्म गेला होता.

"सांगते," त्या म्हणाल्या. "सांगते हो. नाय कळत म्हणून सांगते. झालं?"

शुक्रवारी भांडी घासताना त्यांनी ते म्हणून पाहिलं. "नाय. त्यास्नी कळत नाय." चुलीपुढं पुन्हा म्हटलं. चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलायचं होतं. मास्तरांनी असं कधीच केलं नसतं. पण आपण कुठं मास्तर आहोत, त्यांनी मनाशी म्हटलं आणि भाकरी उलटली.

शनिवारी दुपारी आवडाबाई मेथीची जुडी घेऊन आली. उंबऱ्यातच बसली आणि मेथी निवडायला घेतली.

"सांगून टाक गं सरे, नाय कळत म्हणून. खाऊ दे मेल्याला भाकर."

"तुला राग नाय त्यांचा?"

"हाय की! लई हाय. पर म्हणून त्यानं भिंतीकडं कशाला पडावं? तिथं चांगली माणसं हायेत. आपली सुवार्ता हाय."

सरूबाईंचे हात थांबले. आवडाबाईनंही मग जुडीवरची नजर काढली नाही. त्या घरात ते नाव कुणी घेत नसे.

सुवार्ता त्यांची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आवडाबाई आणि सरूबाई आत होत्या, मास्तर ओसरीवर गीतांचं पुस्तक धरून उभे. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार कलली तरी पोर सुटेना. ती किंचाळली की मास्तर दाराशी येऊन म्हणायचे, "सुवार्ता, तोंड आवर. मंडळी ऐकते आहे." आवडाबाई म्हणाली, गाडी बघा मास्तर, हे आपल्या हातचं नाय. मास्तर म्हणाले, प्रार्थना चालू आहे. सरूबाई दाराशी गेल्या, काही बोलल्या नाहीत, परत आल्या. आणि मग पोर आतून ओरडली, सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं, "गाडी आण, रांडेच्या, मरते मी!"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. गाडी आणायला ते गेले, पण आधी घरात येऊन लेकीला म्हणाले, "या शब्दाबद्दल क्षमा माग." पोर शेजारची उशी चावत होती. गाडी आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती, लेकीलाही नाही आणि लेकराला तर नाहीच.

तेव्हाचे पाळकसाहेब म्हातारे होते, दयाळू होते. त्यांनी अंगणात सगळ्यांदेखत मास्तरांना वाट काढून दिली. "मास्तर, कळा फार होत्या. पोर शुद्धीत नसेल. एवढं तुम्ही म्हणा, मी घंटा वाजवायला सांगतो."

मास्तर म्हणाले, "शुद्धीत होती. सगळं कळत होतं तिला. माझी मुलगी आहे म्हणून मी देवासमोर खोटं बोलू?"

घंटा झाली नाही. भिंतीकडं आवडाबाईनं आणि पोरीच्या नवऱ्यानं बाभळी तोडून जागा केली. आणि मंडळी काय म्हणाली, तर माणूस असावा तर असा! त्या वर्षी मास्तरांना एकमतानं पुन्हा पंच केलं. सरूबाईंनी दारात उभं राहून ते सगळं ऐकलं होतं, आणि तोंड उघडलं नव्हतं. त्यांना तर मास्तरांनी चांगलंच शिकवलं होतं तोंड आवरायला.

घाटीत मास्तरांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा सरूबाईंनी तो ओळखला. आवाज मास्तरांचा होता, पण सुरुवातीची ती लांब ओढ पोरीची होती. इतकी वर्षं हा शब्द यांनी कुठं ठेवला होता कोण जाणे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही.

"सांगते नाय म्हणून," सरूबाई आवडाबाईला म्हणाल्या. "कबूल केलंय मी त्यास्नी."

रविवारी चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. जे नाताळाशिवाय फिरकत नाहीत तेही आले होते, धुतलेले कपडे घालून, पोराबाळांना पुढं बसवून. मास्तरांना दोघांनी धरून पहिल्या बाकावर आणलं. डोक्यावर मफलरची गाठ पाहून मागं खसखस पिकली. मास्तर समोर टेबलाकडं बघत होते. पांढऱ्या कापडाखाली भाकरीचं ताट होतं. त्यांच्या नजरेत इतकी भूक होती की सरूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

गीत झालं, वचन झालं. पाळकसाहेब ताट घेऊन पायरी उतरले आणि पहिल्या बाकापुढं थांबले. सरूबाईंनी उभं राहून मफलरची गाठ सोडली. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. शिकवल्याप्रमाणं, अगदी शहाण्यासारखे.

"मावशी," पाळकसाहेब मोठ्यानं म्हणाले, म्हणजे मागच्यांना ऐकू जावं. "देवासमोर सांगा. मास्तर जे बोलतात ते त्यांना कळतं का? ते शुद्धीत आहेत का?"

'नाय' सरूबाईंच्या अगदी ओठावर होतं. जरा धीर यावा म्हणून त्यांनी मास्तरांकडं पाहिलं.

मास्तरांनी प्रश्न ऐकला होता. त्यांनी जबडा सैल सोडला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळू दिली, तशीच, कोटावर. डोळे वर पत्र्याकडं फिरवले आणि मान एका लयीत हलवायला सुरुवात केली, वेडं पोर हलवतं तशी. सकाळी कोटाची गुंडी लावणारा डावा हात मांडीवर मेल्यासारखा टाकला. आणि बाकाखाली, कुणाला दिसणार नाही असा, त्यांचा डावा पाय सरूबाईंच्या पायावर आला आणि दाबला. लवकर. पुन्हा दाबला.

सरूबाई बघत राहिल्या. उभ्या जन्मात या माणसानं सोंग केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. चांगलं जमलं होतं की! पुढच्या बाकांवरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अरे बिचारे, खरंच काही कळत नाही वाटतं, कुणीतरी कुजबुजलं.

लेकीसाठी नाही जमलं. एवढंसं खोटं, एक शब्दाचं, तेही दुसऱ्यानं तोंडात घालून दिलेलं. आणि घासभर भाकरीसाठी बघा कसं जमतंय.

"मावशी?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा बोटांत धरून ठेवला होता.

"कळतं," सरूबाई म्हणाल्या.

"मावशी, नीट विचार करून..."

"शुद्धीत हायेत ते. सगळं कळतं त्यास्नी. आत्ता बी कळतंय." त्यांचा आवाज चढला नाही. "देवासमोर विचारलं ना तुम्ही? मग नवरा हाय म्हणून मी खोटं बोलू का?"

मागच्या बाकावरून आवडाबाईचा आवाज आला, "सरे, अगं काय केलंस हे!" जुन्या माणसांनी सरूबाईंचं ते वाक्य ओळखलं असावं, कारण त्यांच्या माना खाली गेल्या. बन्सी आपल्या तुटक्या बोटाकडं बघत बसला.

मास्तरांची मान हलायची थांबली. डोळे पत्र्यावरून खाली आले, जबडा आपोआप मिटला, पाठ ताठ झाली. सगळ्यांनी ते पाहिलं. आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं आणि एक एक अक्षर सुटं करत म्हणाले, "रांडेच्या."

कुठलंसं पोर फिदीफिदी हसलं, त्याच्या आईनं त्याला चापट मारली. पाळकसाहेबांनी तुकडा ताटात परत ठेवला. मग ते पुढच्या माणसाकडं सरकले, आणि भाकर मास्तरांच्या नाकासमोरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

भोजन संपेपर्यंत सरूबाई मास्तरांशेजारीच बसून राहिल्या. त्यांनीही भाकर घेतली नाही.

बाहेर रिक्षावाला थांबून होता. मास्तरांना आत बसवायला त्यानं हात दिला. "आराम से, अम्मा. चचा को पकड के बैठो, रस्ता खराब है," तो म्हणाला आणि रिक्षा सुरू केली.

वाऱ्याला गारवा होता. सरूबाईंनी पदरानं मास्तरांची हनुवटी पुसली, कोटावरची लाळ पुसली. मफलर घेतला, पण जबड्याला बांधला नाही. गळ्याभोवती दोन वेढे दिले आणि टोकं कोटात खोचली. आता तोंड बांधायचं काही कारण नव्हतं.

कबरस्तानाच्या फाटकावरून रिक्षा गेली तेव्हा मास्तर म्हणाले, "रांडेच्या." हळू, तुटक, सुरुवातीला ती लांब ओढ देऊन. बायकोला म्हणाले की आणखी कुणाला, की माफी मागत होते, हे कळायला मार्ग नव्हता. माफी असली तरी ती त्यांना आता याच शब्दात मागावी लागणार होती.

"व्हय," सरूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

"भिंतीकडं जागा हाय अजून," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "पोरीच्या बाजूलाच. मी बघून ठेवलीय."